छबूबाईंची भेसळ

भात सगळं आडवं झालं होतं. रात्रीच्या वाऱ्यानं एक ओळ म्हणून उभी ठेवली नव्हती. बांधावर उभी राहून स्नेहल नुसती बघत राहिली. वास तेवढा घमघमत होता, आणि आज तिला त्या वासाचाच राग आला.

अकोले तालुक्याच्या डोंगरातलं हे वासाचं भात उंच वाढायचं आणि लोंबीत दाणा भरला की लोळायचं. गावानं कंटाळून ते सोडत आणलं होतं. स्नेहलनं ठेंगण्या, बिनवासाच्या जातीशी त्याचा संकर केला. नोकरी नगरच्या भात संशोधन केंद्रात, म्हणून दरसाल त्या संकरातल्या वासाच्या रोपांचं बी ती आईच्या खाचरात लावायची आणि थेट कापणीला यायची. त्यातून एखादं ठेंगणं रोप निघावं, एवढंच तिचं मागणं. ते काही निघेना. केंद्राच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, हा शेवटचा हंगाम.

आईला, छबूबाईंना, तिनं एकदा चुलीपुढं बसून सगळं समजावलं होतं. वास आणि उंची एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी बसलेत, म्हणून जोडीनंच जातात. पण फुलात पराग तयार होताना जोडीची गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात आणि वेगळी होण्याआधी आपले तुकडे बदलून घेतात. "दोघी बहिणी भेटल्या की निघताना पिशवीतलं एकमेकींना देतात ना, तसं. त्यात वास उंचीला सोडून ठेंगणेपणाशेजारी जाऊन बसला, की जिंकलो."

"मंग तुझ्या बहिनींचं भांडान झालेलं दिसतंय," छबूबाई म्हणाल्या होत्या.

आता त्या चहा घेऊन बांधावर आल्या. स्नेहलचे डोळे भरून आले. "आई, यंदाही एक ठेंगणं निघालं नाही गं."

"निघालं की! दर साली निघतं एखादं-दुसरं. दाना भरला की मी उपटून टाकते."

स्नेहलच्या हातातला कप तिरका झाला.

"बघतीस काय? तूच म्हनली हुतीस, बियात भेसळ हू देऊ नको. तुझ्या त्या बहिनींचं मला काय उमगलं न्हाई, एवढं मातुर कळलं. लेकीच्या भातात भेसळ दिसल्यावर लोकं काय म्हनतील?"

छबूबाईंच्या निवडक बियाण्याचं गावात नाव होतं. वेगळं रोप दिसलं की त्यांचा हात आपोआप खाली जायचा. स्नेहलला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. पण तिनं विचारलं एवढंच, "टाकतेस कुठं?"

"गोठ्यामागं, सांडपान्याच्या कडंला."

स्नेहल पळत सुटली. गोठ्याला वळसा घालून ती जागच्या जागी थांबली. टाकलेल्या लोंब्यांचं बी सांडून तिथल्या ओलीवर आपलं आपण उगवलं होतं. गुडघ्याएवढं भात, दाण्यानं लगडलेलं. एवढ्या वाऱ्यात एक काडी वाकली नव्हती. तिनं पान चोळून नाकाशी नेलं. मग दोन दाणे दाताखाली धरले. तोच वास! आजीच्या वेळेपासूनचा, अस्सल. ती इतक्या मोठ्यानं ओरडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

छबूबाई धापा टाकत मागून आल्या. त्या दाट हिरव्या वाफ्याकडं बघून चांगल्याच ओशाळल्या. "लईच माजलंय गं. थांब, हे बी उपटते."

"हात लावून तर बघ!" स्नेहलनं त्यांना कडकडून मिठी मारली. "आई, तुझी ही भेसळ आता अख्ख्या तालुक्यात लावायचीय!"