आणखी चार बोटं

"हातभर खोल झालाय का बघ," बाबा म्हणाले.

धाकटीने चरात हात घातला. "तुमचा हात की माझा?"

"माझा."

"मग आणखी चार बोटं."

बाबांनी कण्हत पुन्हा फावडं उचललं. चर स्वयंपाकघराच्या भिंतीपासून निघून परसातून थेट मागच्या खोलीपर्यंत गेला होता. खोलीचं दार बंद होतं. आत दादा होता.

त्या खोलीत नेट पोचायचं नाही. म्हणून दादा दिवसातून तीनदा लॅपटॉप काखेत मारून स्वयंपाकघरात यायचा आणि फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसायचा. बोलायचा नाही. काही विचारलं की उठून जायचा. न विचारता पुढे सरकवलेलं मात्र खायचा. सहा महिने घराच्या वाट्याला दादा एवढाच होता.

"आता त्याचे हेलपाटे वाचतील," पाइप चरात बसवताना बाबा म्हणाले. "विचारायची सोय नाही. मग निदान एवढं तरी करू."

पाइपचं दुसरं टोक धरून आई उभी होती. तिने नुसतं धरलं होतं.

पाइपातून दोरीने केबल ओढली. बाबांनी खोलीच्या भिंतीतल्या भोकातून तिचं टोक आत सरकवलं. आतून कोणीतरी ते ओढून घेतलं.

"घेतलं," बाबा धाकटीला हळूच म्हणाले. मासा गळाला लागल्यासारखं.

स्वयंपाकघरातल्या टोकाला कनेक्टर बसवायचा राहिला होता. केसासारख्या आठ रंगीत तारा एका ओळीत लावायच्या आणि पकडीने दाबायच्या. धाकटी पाढे म्हणावेत तसे रंग सांगत होती आणि बाबा चष्म्याच्या वरून, खालून, मधून बघत होते. चार कनेक्टर वाया गेले. पाचवा बसला. राउटरवर हिरवा दिवा लुकलुकला. चर बुजवून धाकटी त्यावर मनसोक्त नाचली. माती दाबायला म्हणे.

सहा वाजले. दादाची यायची वेळ. आईने स्टुलाशेजारी चहा ठेवला.

साडेसहा झाले. चहावर साय धरली.

"चांगलं चालतंय वाटतं नेट," बाबा म्हणाले. तेही स्टुलाकडेच बघत होते. धाकटीच्या ओठांवर एक विनोद आला होता, तो तिने गिळला.

आई उठली. राउटरजवळ गेली आणि तिने केबल बोटभर बाहेर ओढली. हिरवा दिवा विझला. मग फडकं घेऊन ती स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागली.

मागचं दार वाजलं. मऊ मातीवर पाय न देता, चराच्या कडेकडेने दादा आला आणि उंबऱ्यात थांबला.

"बाबा, लागत नाहीये."

बाबांनी राउटरकडे पाहिलं. सुटलेली केबल दिसत होती. एक बोट लावलं असतं तरी टक् करून बसली असती. त्यांनी आईच्या पाठीकडे पाहिलं. ओट्यावरचं फडकं थांबलं होतं.

बाबांनी चष्मा चढवला.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," ते म्हणाले. "बस. वेळ लागेल."

दादा स्टुलावर बसला. आईने दुसरा चहा टाकला. आणि बाबांनी पक्कड घेऊन तो पाचवा, चांगला बसलेला कनेक्टर कापून टाकला.