पट्ट्या सुटल्यावर

“कट!” दिग्दर्शक सातव्यांदा ओरडला. “मेईचूताई, पोरगा मरणाच्या दारातून परत आलाय. डोळ्यांत जरा पाणी येऊ द्या ना!”

मेईचू खुर्ची ओढून दारातच बसली. गुडघे ठणकत होते. सहा वर्षं, हजारावर भाग ती मालिकेतल्या या घरातली आई होती. तेवढ्या काळात लेखक दोनदा बदलले, दिग्दर्शक तिसरा आला, तिची रंगभूषा करणारी बाई लग्न करून काओशिउंगला गेली. तिने काही मनाला लावून घेतलं नव्हतं. पण आता मुलगाच बदलला होता. गोष्टीत त्याच्या गाडीला अपघात झाला, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि पट्ट्या सुटल्या तेव्हा आतून पान नावाचा नवा नट निघाला.

“तोंड बदललं, समजलं,” ती म्हणाली. “पण हा वीतभर उंच झाला, तो कुठल्या डॉक्टरने केला?”

सगळे हसले. पान ओशाळून दाराबाहेर उभा राहिला.

खरा राग त्याच्यावर नव्हताच. तो आधी मुलाचं काम करणाऱ्या चुआंगवर होता. सेटबाहेरही तिला आई म्हणणारा, आपल्या डब्यातली कोंबडीची तंगडी तिच्या भातावर ठेवणारा चुआंग. मालिका जोरात चालली असताना गेल्या महिन्यात एका सकाळी आला, ‘सोडतो’ म्हणाला आणि निघाला. दुसऱ्या वाहिनीने पळवला, असं जो तो म्हणत होता. मेईचूने त्याला गाडीपाशी गाठलं होतं. तो मान खाली घालून उभा राहिला.

“जा मग,” ती म्हणाली होती. “पुन्हा तोंड दाखवू नकोस.”

आठव्या वेळी ती रडली. दमून रडली. दिग्दर्शकाला ते फार आवडलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो भाग लागला. मेईचूने टीव्ही लावलाच नाही. गरम पाण्यात पाय सोडून ती बसून राहिली. भाग संपायच्या सुमारास फोन वाजला. चुआंग होता.

“बोला,” ती म्हणाली. “नवी मालिका कधी सुरू होतेय?”

“मालिका नाही, ताई. मी गावी आहे. आईजवळ.”

ताई म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

“तिला आता काही आठवत नाही,” तो सांगू लागला. “सुट्टीत घरी आलो, समोर बसलो, तरी म्हणायची, ‘दादा, सरका जरा, आठ वाजले, माझा मुलगा लागेल आता.’ टीव्हीतल्या मला ओळखायची. मी तिथे होतो तोवर घरातल्या मला जागाच नव्हती. म्हणून सोडलं. तुम्हाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.”

मेईचूने पाण्यातून पाय काढले. “आणि आज?”

“आज पान आला. तुम्ही त्याला मिठी मारलीत, तशी ती उठली. ‘हे कुणाचं पोर? माझा कुठे गेला?’ म्हणत घरभर शोधत सुटली. मी घाबरलो, ताई. वाटलं, होता तेवढा मुलगाही मी तिच्याकडून काढून घेतला.”

“पुढे?” मेईचूने विचारलं.

“मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ बघितलं. म्हणाली, ‘इथे बसलायस होय! जेवलास का?’”