रुंद पानांचं तण

मेथीचे देठ पिळवटून जमिनीकडे वळले होते. कांताताईंनी एक रोप उपटून हातात धरलं, तर ते ओल्या दोऱ्यासारखं लोंबलं. वाफ्याला लागून असलेलं लॉन मात्र हिरवंगार आणि ताठ.

"निनाद, काय फवारलंस रे इथे?"

"वीडकिलर. भाड्याचं घर नीट ठेवलंय का ते बघायला एजंट येतोय आणि लॉनभर काटे झाले होते." मुलगा डबा घेऊन बाहेर आला. "तुझ्या मेथीवर उडालं वाटतं, सॉरी. पण लॉनला एकदम सेफ आहे. फक्त डायकॉट मरतात. गवत मोनोकॉट, त्याला काही होत नाही."

"द्विदल, एकदल म्हण. मीही शाळेत गेलेय."

त्यांनी मेथीचं पान उजेडात धरलं. शिरांचं जाळं. मग गवताचं पातं धरलं. शिरा शेजारी शेजारी सरळ गेलेल्या, कुणी कुणात गुंतलेली नाही. मेथीचा दाणा उगवतानाच दोन पानं काढतो. गवताचं एकावर भागतं.

ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला निनादकडे त्या आल्या होत्या तीन महिन्यांसाठी. मग करोना आला, विमानं थांबली, व्हिसा वाढत गेला. तिकडे पुण्यात त्यांचे यजमान नरेंद्रराव एकटेच डब्यावर जेवत होते. 'माझं मजेत चाललंय' म्हणायचे, पण व्हिडिओ कॉलवर सदऱ्याची कॉलर दर खेपेला मोठी दिसायची. पर्थहून अडकलेल्यांसाठी विमान सुटायचं. नाव नोंदवायचं निनादकडून दोनदा 'राहून गेलं' होतं.

"पुढच्या विमानात माझं नाव घाल," त्या म्हणाल्या.

"झालं सुरू. अगं, तिकडची परिस्थिती बघतेस ना? इथे कुणी मास्कसुद्धा लावत नाही. मी खाणीवर निर्धास्त जातो, ते तू इथे सेफ आहेस म्हणून."

"सेफ आहेच रे." कांताताईंनी ते लोंबतं रोप त्याच्या तळहातावर ठेवलं. "गवताला."

 रोप सरळ उभं राहतं का ते निनादने बोटाने एकदा करून पाहिलं. मग तो आत गेला. कपाटाचं दार वाजलं, बॅग ओढल्याचा आवाज आला.

"आई," त्याने आतूनच विचारलं, "बाबांना आधी सांगायचं, की सरळ दारात जाऊन उभी राहतेस?"