धुराचं ऐकू नये

"चार्वाकांचं म्हणणं होतं, धूर दिसला म्हणून आग आहेच असं धरून चालू नका," कुंभारवाड्यातल्या पारावरून तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक रेगेबाई म्हणाल्या आणि मनातून धास्तावल्या. याच वाक्यावरून विद्यापीठातल्या विद्वानांनी वीस वर्षं त्यांची टर उडवली होती.

इथं मात्र कुणी हसलं नाही. चिखलाचे हात पदराला पुसत गोदाक्का उठल्या.

"खरंय की त्यांचं, बाई. आमच्या आव्यातली आग विझली तरी दोन दिस धूर निघतो, अन् कधी धूर थांबला तरी आत निखारा असतो. धुराचं ऐकून आम्ही मडकी काढत न्हाई. हात लावूनच बघतो."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"त्यात शिकवायचं काय? एकदा हात पोळला की समजतंय!"

रेगेबाईंची मान ताठ झाली. टिपणं पिशवीत टाकून त्या पारावरून उतरल्या.

"गोदाक्का, वर या. पुढचं व्याख्यान तुमचं."