काकू बरी आहे

फोन उचलला गेला आणि ताईने कागदावर बरोबरची खूण केली. सवयीने. पलीकडून कोणी बोलायच्या आधीच.

"काकू आंघोळीला गेलीय," बटणआजीचा पुतण्या म्हणाला. गोड गळा होता त्याचा. "बरी आहे ती. काळजी करू नका."

"बरं," ताई म्हणाली. फोन ठेवायला हात खाली नेला, आणि हात मध्येच थांबला.

यादीत एकेचाळीस म्हातारी माणसं होती, सगळी एकटी राहणारी. रोज सकाळी दहाला या खोलीतून त्यांना फोन जायचे. उठलात का, जेवलात का, गोळी घेतलीत का. तीनदा वाजूनही कोणी उचलला नाही, तर गाडी काढून घर गाठायचं. उचलला, तर खूण करून पुढचा नंबर. कोणी उचलला, हे कागदावर लिहायला जागाच नव्हती.

ताईने बटणआजीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मागे मागे सरकवत नेलं. काल आजी झोपलेली. परवा शेजारी गेलेली. त्याच्या आदल्या दिवशी बाजारात. जिना नुसता बघितला तरी जिचे गुडघे रडायचे, ती आजी बाजारात! पुतण्या सोबतीला म्हणून राहायला आला, त्याला आठ दिवस झाले होते. आठ दिवस, आठ खुणा. एकीला एक लागून, नीट, टपोऱ्या, तिच्याच हातच्या.

तिने फोनच्या तोंडावर तळवा दाबला. "मोठ्या बाई, मी आठ दिवस आजीशी बोललेच नाहीये."

केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई समोरच्याच टेबलावर होत्या. त्यांनी चष्मा काढला. "मग आता बोल. बोलल्याशिवाय फोन खाली ठेवायचा नाही."

ताईने तळवा काढला. "दादा, मी थांबते हं. आजीला जरा द्या फोन."

"आंघोळीत आहे म्हटलं ना."

"असू दे की. नवरीसुद्धा एवढा वेळ घेत नाही!" ताई हसली. ते हसणं तिचं तिलाच उसनं वाटलं.

तोही हसला. मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. पावलं गेली. एक दार उघडलं. पाण्याचा आवाज मात्र कुठूनच आला नाही.

"हॅलो."

आजीचाच आवाज. ताईचा जीव भांड्यात पडला. आता शिव्या बसणार. आजीने शर्टांच्या कारखान्यात चाळीस वर्षं बटणं लावली होती, आणि मशीनच्या तालावर गाणी जुळवायची खोड जिभेला लागली होती. फोन कानाला लावला की रोज ती आधी ताईला चालीवर झोडपायची, "दहा वाजून गेले गं, माझी सटवी कुठे मेली गं!" मग खुदकन हसायची, आणि मगच गुडघ्यांची गाऱ्हाणी.

"नमस्कार मॅडम," आजी म्हणाली. "मी बरी आहे. पुतण्या माझं सगळं बघतो. आपण उद्यापासून फोन करू नये."

मॅडम. आपण. पाठ करून घेतलेल्या धड्यासारखं, एका दमात, कुठे न अडखळता. ताईने कागदाच्या कोपऱ्यात 'पढवलंय' असं लिहून तो मोठ्या बाईंकडे वळवला.

मोठ्या बाईंनी एका चिठोऱ्यावर तीन शब्द खरडून पुढे सरकवले. हो-नाही विचार.

ज्याला मोकळेपणी बोलता येत नाही, त्याला असं विचारायचं की एका शब्दात सुटका व्हावी. आजीच्या तोंडून एक 'हो' निघालं, की पोलीस घेऊन तिच्या दारात उभं राहता येत होतं. नाहीतर 'फोन करू नका' एवढंच उरत होतं. नको म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी यादीतून काढायचं, असा नियम होता.

ताई फोनवर वाकली. लेकराच्या कानात सांगावं तसा आवाज मऊ केला. "आजी, घाबरू नकोस. मी विचारते, तू नुसतं हो नाहीतर नाही म्हण. तुझ्याजवळ कोणी उभं आहे का?"

विचारलं, आणि मग तिच्या कानाला ते कळलं. आजीच्या आवाजाला पोकळी होती, आडात वाकून बोलल्यासारखी. तिकडे फोन स्पीकरवर होता.

आधी दोन वाक्यं इकडची तिकडची बोलायची. कान द्यायचा. आवाज पोकळ आला, तर एक अक्षर विचारायचं नाही. नव्या मुलींना पहिल्या दिवशी, पाणी पाजायच्याही आधी, हे तीच शिकवायची.

पलीकडून एक श्वास ऐकू आला, तुटका, म्हातारा. मग दुसरा, फोनच्या अगदी जवळ.

"हो," पुतण्या म्हणाला. तितक्याच गोड गळ्याने. "मी आहे ना उभा."

ताईचा चेहरा बघताच मोठ्या बाई गाडीची किल्ली घेऊन जिन्याकडे धावल्या. ताई कानाला फोन लावून तशीच बसून राहिली. तिकडे कोणी फोन बंद केला नव्हता. कोणालाच घाई नव्हती. पावलं दाराशी गेली.

आधी वरची कडी लागली. मग खालची.