पाग

दुसऱ्या कुणाचा तरी स्नायू खांद्यात बसवल्यापासून कुमुदताई दांडेकरांचा हात अखंड ठणकत होता. शेवटचा उपाय म्हणून फिजिओथेरपिस्ट रेश्मा तांडेलने लांब सुई थेट त्या स्नायूत धरलेल्या गाठीत खुपसली.

“अगं आई गं!” कळ मस्तकात गेली आणि ताईंचा हात आपणहून उठला. त्याने पलंगावरची चादर ओढली आणि गर्रकन भिरकावली. चादर हवेत गोल उघडून अलगद जमिनीवर पसरली.

रेश्मा ओरडलीच, “ताई, हा हात पाग टाकतोय! माझे बाबा अस्संच जाळं फेकतात! हा स्नायू कुणा कोळ्याचाच असणार! औषध नकोय त्याला, काम हवंय!”

ठणका खरंच थांबला होता. कुमुदताईंनी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. त्यांचे डोळे लकाकले.

“तुझ्या बाबांना फोन लाव. म्हणावं, उद्या खाडीवर मीही येतेय!”