गोदामातले पंधरा दिवस

"बाबा, तुम्ही आजोबांपेक्षा मोठे आहात का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शर्वाणीनं जेवताना विचारूनच टाकलं.

"दिवाळीपर्यंत होईन बहुतेक," बाबा हसून म्हणाले. आईनं पोळी जरा जोरातच वाढली.

हसावं की रडावं, शर्वाणीला कळेचना. उंची सिंगल माल्ट व्हिस्की पिंपात अठरा वर्षं मुरावी लागते. बाबांच्या दिंडोरीच्या कारखान्यानं गोदामातला काळच पळवायला घेतला होता. बाहेर सकाळची संध्याकाळ झाली की आत पंधरा दिवस सरायचे. आता स्कॉटलंडवालेसुद्धा इथूनच माल मागवत. पण पिंप हुंगायला माणसाचंच नाक लागतं, म्हणून बाबा रोज आत.

"सकाळी भांडले, सॉरी हं," ती पुटपुटली.

"कधी? अगं, पंधरा दिवस झाले त्याला!"

"आज सकाळी, बाबा!"

बाबांनी गोंधळून बोटांवर दिवस मोजले. मग हळूच म्हणाले, "आत भांडायलाही कुणी नसतं गं."

शर्वाणी ताडकन उठली. "आई, बाबा, माझं ठरलंय! सुट्टी लागली की मी गोदामात राहायला जाणार. मोठं व्हायचंच आहे ना मला? मग बाबांच्या सोबतीनं होते."